न छापलेले वृत्त : चिमूर १९४२-४३ आणि शोधपत्रकारितेचे कथन

पत्रकार ज्यांचा नायक आहे अशा चित्रपटांचा शेवट बहुधा एखाद्या यंत्राच्या आवाजावर होतो. ॲलन पाकुलाच्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७६) या चित्रपटात टेलिप्रिंटर एकामागून एक ओळी टंकित करीत जातो आणि एका राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द कागदावर संपते. टॉम मॅकार्थीच्या 'स्पॉटलाइट' (२०१५) मध्ये बॉस्टनच्या कॅथलिक धर्मसत्तेने दडवून ठेवलेल्या बाललैंगिक अत्याचारांचे वृत्त ६ जानेवारी २००२ रोजी 'बॉस्टन ग्लोब'मध्ये छापून येते. त्या दिवशी वार्ताहरांच्या कचेरीत दूरध्वनी खणखणू लागतात. ज्यांनी आजवर कोणालाच काही सांगितले नव्हते ते आता सांगू लागतात. दोन्ही चित्रपटांची कथनसंरचना एकच आहे. साक्षीदार, वार्ताहर, संपादक, छापखाना आणि वाचक अशी ही साखळी असून कथेतील सारा ताण कोणती कडी कोठे निसटेल या भीतीतून निर्माण होतो. मात्र साखळीची शेवटची कडी, म्हणजे छापलेल्या अक्षराचे सामर्थ्य, हे चित्रपट गृहीत धरून चालतात. जे छापून आले ते घडले असे मानले जाईल, आणि जे घडले त्याचा जाब विचारला जाईल, या श्रद्धेवर तो सारा चित्रप्रकार उभा आहे.

मराठी कलाकृतींनी ही श्रद्धा फारशी बाळगलेली दिसत नाही. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये 'सिंहासन' हा चित्रपट केला. त्यातील दिगू टिपणीस (निळू फुले) हा शोध घेणारा पत्रकार नाही, जाणणारा पत्रकार आहे. मंत्रालयातील प्रत्येक हालचाल त्याला ठाऊक असते, प्रत्येक दालनात त्याला प्रवेश असतो. आणि या जाणण्याचे काय करावयाचे हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. चित्रपट संपतो तो त्याच्या वेड्या हसण्यावर, तेही भर रस्त्यात. रमेश शर्मा यांच्या 'न्यू दिल्ली टाइम्स' (१९८६) या हिंदी चित्रपटातील संपादकालाही आपण उघडकीस आणलेले सत्य दुसऱ्याच एका राजकारण्याच्या कामी आले हे उशिरा कळते. तेंडुलकरांच्या 'कमला' नाटकाकडे पुढे वळावयाचे आहेच. तूर्त एवढे नोंदविणे पुरे की आपल्याकडील पत्रकार-नायकाची शोकांतिका वृत्त मिळण्यात वा न मिळण्यात नसून ते मिळाल्यानंतर सुरू होते.

या नमुन्याची कसोटी पाहावयाची तर चांदा जिल्ह्यातील चिमूरकडे जावे लागते. तेथे १९४२ च्या पावसाळ्यात जे घडले त्यात शोधकथेचे सर्व घटक उपस्थित आहेत. सत्तेने केलेला आणि सत्तेनेच झाकलेला अपराध आहे, बोलावयास तयार असलेल्या साक्षीदार आहेत, जोखीम पत्करून गावात पोहोचलेले शोधक आहेत, छापावयास उत्सुक असलेली वृत्तपत्रे आहेत. नाही ते फक्त छापणे.

घटनाक्रम थोडक्यात असा. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. मुंबईतील अटकांना आठवडा झाला होता. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा टापू आधीच ढवळून निघालेला होता. वृत्तपत्र जेथे चार दिवसांनी पोहोचे तेथे भजन हेच बातमीचे माध्यम होते, ही गोष्ट सरकारलाही समजत असावी, कारण २८ ऑगस्टला महाराजांना अटक झाली. नागपंचमीच्या प्रभातफेरीवर पोलिसांचा बळाचा वापर आणि गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा त्यात मारला गेला. संतप्त जमावाने उपविभागीय दंडाधिकारी आणि नायब तहसीलदार यांच्यासह चार सरकारी नोकरांना ठार केले. रस्त्यांवर झाडे आडवी पाडण्यात आली, मोऱ्या फोडण्यात आल्या. तीन दिवस चिमूरमध्ये इंग्रजांचे राज्य नव्हते. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही पोलीस ठाण्यावर मोर्चा जाऊन रक्तपात झाला होता. म्हणून पुढे 'आष्टी-चिमूर' असा जोडशब्द रूढ झाला.

१९ ऑगस्टला गोऱ्या आणि हिंदी सैनिकांची तुकडी गावात आली. पुरुषांची सरसकट धरपकड झाली, आणि ज्या घरांतील पुरुष नेले गेले होते त्या घरांत सैनिक शिरले. गावातील स्त्रियांनी पुढे जे सांगितले ते लूट, मारहाण आणि बलात्कार यांविषयी होते.

हे वृत्त गावाबाहेर कसे पडणार हा प्रश्न केवळ दळणवळणाचा नव्हता. ८ ऑगस्ट १९४२ च्या आदेशाने, भारत संरक्षण नियमांच्या आधारे, आंदोलनाविषयीचे वृत्त कोणाच्या मुखातून यावे हेच सरकारने ठरवून टाकले होते. सरकारी निवेदने, मान्यताप्राप्त वृत्तसंस्था आणि नोंदणीकृत वार्ताहर यांपलीकडच्या कोणाचे वृत्त छापणे हा गुन्हा ठरत होता, आणि वार्ताहराची नोंदणी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाती होती. ज्याच्या अखत्यारीत अपराध घडला त्याच्याच परवानगीने तो अपराध वृत्त होऊ शकणार होता. गांधींचे 'हरिजन' बंद पडले. ऑक्टोबरमध्ये संपादक परिषदेने मुंबईत स्वनियंत्रणाची तडजोड स्वीकारली. सरकारी कात्रीऐवजी संपादकाने स्वतःची कात्री चालवावी असा तिचा व्यावहारिक अर्थ होता. परिषदेला दोष देणे आज सोपे आहे. त्या काळी अनेक पत्रांपुढे तडजोड किंवा टाळे एवढेच पर्याय होते.

अशा स्थितीत शोधाचे काम पत्रकारांच्या हातून निसटून इतरांकडे गेले. सप्टेंबरमध्ये नागपूरच्या काही स्त्रिया चिमूरला गेल्या आणि घरोघर बसून त्यांनी स्त्रियांची कथने ऐकली. त्याच महिन्याच्या अखेरीस डॉ. बा. शि. मुंजे गावात जाऊन आले. मुंज्यांचे जाणे अर्थपूर्ण आहे. हिंदुमहासभेचे हे नेते काँग्रेसच्या 'छोडो भारत' आंदोलनाच्या बाजूचे नव्हते. त्यांच्या पक्षाने त्या आंदोलनापासून स्वतःला दूर ठेवले होते. आंदोलनाला साक्ष पुरविण्याचा त्यांच्यावर आरोप करणे अवघड होते. शोधकथेत ज्याला 'विरुद्ध हितसंबंध असलेला साक्षीदार' म्हणता येईल तो येथे अनायासे उपलब्ध झाला होता. तरीही मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने चौकशीची मागणी नाकारली आणि आपल्या निवेदनाने आरोपांविषयी संशय उत्पन्न केला. ते निवेदन स्त्रियांच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडविणारे आहे अशी भावना झाली. सत्तेच्या अशा निवेदनाचा स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून अभ्यास व्हावयास हवा. त्याचा कर्ता अनाम असतो, त्यात क्रियापदे कर्मणी असतात, आणि तक्रार करणाऱ्याचा हेतू हाच त्याचा खरा विषय असतो.

येथे जयकृष्ण भणसाळी या विलक्षण व्यक्तीचा प्रवेश होतो. गुजरात विद्यापीठातले हे प्राध्यापक, पुढे वर्षानुवर्षे मौन पाळून देशभर भटकलेले. मौनाचा भंग होऊ नये म्हणून त्यांनी एकदा स्वतःचे ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतले होते. कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला यांवर ते राहत. सेवाग्रामात स्थिरावलेला हा साधक वृत्तसंकलक नव्हता, प्रचारक नव्हता, राजकारणीही नव्हता. कोणत्याही पटकथाकाराने त्याला या भूमिकेसाठी निवडले नसते. ज्या मनुष्याने बोलण्याचाच त्याग केला होता तो दुसऱ्यांचे दडपलेले बोलणे बाहेर आणण्यासाठी पुढे यावा, यातील विपर्यास कोणी रचून आणलेला नाही.

नोव्हेंबर १९४२ च्या आरंभी भणसाळी दिल्लीला गेले ते थेट लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे. अणे मूळचे वणीचे, विदर्भाचे. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. आपल्याच मुलखातील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी आपण ज्या सरकारात बसलात त्या सरकारकडून करवून घ्या, एवढीच मागणी होती. अण्यांकडून ते घडले नाही. भणसाळींनी त्यांच्या घरीच उपोषण मांडले. त्यांना अटक करून सेवाग्रामला परत पाठविण्यात आले. ते चिमूरला गेले, तेथून उचलून आणले गेले. मग ते पायी चिमूरकडे निघाले आणि पुन्हा अडविले गेले. ११ नोव्हेंबरला सुरू झालेले हे उपोषण ६३ दिवस चालले.

या जाण्या-आणण्याच्या पुनरावृत्तीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. भणसाळी चिमूरला जाऊन नवीन काही शोधून काढणार नव्हते. जे घडले ते नागपुरात, वर्ध्यात, दिल्लीतल्या सचिवालयातही माहीत होते. प्रश्न माहितीचा नव्हता, माहितीच्या सार्वजनिक होण्याचा होता. कागदावर येऊ न शकलेले वृत्त एका मनुष्याने आपल्या देहावर घेतले आणि तो देह घटनास्थळाकडे चालू लागला. सरकारनेही त्याला तसेच वाचले, कारण त्याच्या हालचालींना त्याने वृत्ताचीच वागणूक दिली. चिमूर आणि भणसाळींचे उपोषण यांविषयी काहीही छापण्यास बंदी करण्यात आली. उपोषण या कृतीला प्रेक्षक लागतो. प्रेक्षकाविना ते केवळ उपाशी मरणे ठरते. बंदीचा हेतू नेमका तोच होता.

आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधींपर्यंत बातमी गेली तेव्हा २४ नोव्हेंबरला त्यांनी भणसाळींशी संपर्क साधू देण्याची परवानगी मागितली. उपोषण सोडण्याचा सल्ला देणार असाल तर निरोप पोहोचवू, असे सरकारचे उत्तर आले. गांधींना ही अट मान्य होण्यासारखी नव्हती. उपोषण नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे की नाही हे जाणून घेतल्याशिवाय ते सोडा असे सांगता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सल्ला देण्यापूर्वी जाणून घेण्याचा हक्क ते मागत होते. सरकार नेमके जाणून घेणे वगळून बाकी सर्व द्यावयास तयार होते.

डिसेंबरमध्ये संपादक परिषदेच्या स्थायी समितीने या बंदीविरुद्ध भूमिका घेतली. सरकारी सन्मानांची नववर्षाची यादी, गव्हर्नरांच्या निवासांतून निघणारी पत्रके, सत्ताधाऱ्यांची भाषणे छापावयाची नाहीत, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी एक दिवस पत्रेच काढावयाची नाहीत, असे ठरले. त्या दिवशी देशातील अनेक वृत्तपत्रे निघाली नाहीत. ६ जानेवारी हीच बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'च्या पहिल्या अंकाची (१८३२) तारीख. ती योगायोगाने आली असली तरी मराठी वाचकाला टोचल्याशिवाय राहत नाही. मराठी पत्रसृष्टीच्या जन्मदिनी वृत्तपत्राने आपल्या अभावातून एक वृत्त दिले. जून १९७५ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली तेव्हा कोऱ्या जागेला चौकट होती, भोवती मजकूर होता. काय काढून टाकले असावे याचा अंदाज वाचक त्या चौकटीवरून बांधू शकत होता. १९४३ चा अभाव याहून संपूर्ण होता, म्हणूनच अधिक संदिग्धही होता. सकाळी दारात पत्र आले नाही एवढेच वाचकाला दिसले. त्या न येण्यामागे चांदा जिल्ह्यातील एक गाव आहे, हे त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागणार होते.

या प्रसंगाचे गौरवीकरण भारतीय वृत्तपत्रांच्या इतिहासांतून झालेले आहे आणि ते अनाठायी नाही. पण संप झाला तो बंदीविरुद्ध, वृत्तपत्रांच्या अधिकारासाठी. ज्या स्त्रियांच्या सांगण्यामुळे ही मालिका सुरू झाली त्या या टप्प्यावर विषयाच्या स्थानावरून निमित्ताच्या स्थानावर सरकलेल्या दिसतात. आधी त्यांच्या वतीने नागपूरच्या स्त्रिया बोलल्या, मग मुंजे, मग भणसाळी, मग संपादक; प्रत्येक टप्प्यावर आवाज मोठा होत गेला आणि मूळ वाक्य अस्पष्ट होत गेले.

१२ जानेवारी १९४३ ला समझोता झाला. चिमूरच्या स्त्रियांच्या चारित्र्याविषयी काही सुचविण्याचा सरकारचा उद्देश नव्हता असा खुलासा आला, वृत्तांवरील बंदी उठली, भणसाळींनी उपोषण सोडले. चौकशी झाली नाही. शोधकथेच्या परिभाषेत सांगावयाचे तर छापण्याचा हक्क मिळाला आणि छापावयाचे वृत्त शिळे झाले. महिन्याभरात, १० फेब्रुवारीला, गांधींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले आणि देशाचे लक्ष पुण्याकडे वळले. त्याच प्रश्नावर अण्यांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. चिमूरसाठी दिला नव्हता.

चिमूरमध्ये न्यायालयीन चौकशी मुळीच झाली नाही असे मात्र नाही. झाली, ती चार सरकारी नोकरांच्या हत्येची. विशेष न्यायालये बसली, साक्षी नोंदल्या गेल्या, अनेकांना फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या, गावावर सामूहिक दंड बसला. फाशीची शिक्षा झालेल्यांच्या सुटकेसाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. ते आंदोलन देशव्यापी झाले आणि १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. त्यामुळे दफ्तरखान्यात चिमूरचे ग्रामस्थ बोलतात, पण आरोपी म्हणून. फिर्यादी म्हणून त्यांचे बोलणे तेथे शोधून सापडत नाही. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये बंडविरोधी गद्याची जी मीमांसा केली तीत बंडखोराची जाणीव सरकारी कागदातूनच, पण तो कागद उलटा धरून, वाचावी लागते असे सूत्र आहे. शाहिद अमीन यांनी चौरीचौऱ्याविषयीच्या आपल्या १९९५ च्या ग्रंथात माफीच्या साक्षीदाराची जबानी तशी वाचली. चिमूरच्या स्त्रियांच्या बाबतीत ही पद्धत अडखळते. उलटा धरावयालाही कागद लागतो. येथे सरकारने फिर्याद दाखल करून घेतली नाही, म्हणून खोडून काढण्यासाठीदेखील तिचा तपशील नोंदविण्याची त्याला गरज पडली नाही.

शिवाय एक अडचण अशी की चिमूर निर्मळ बळींचे गाव नाही. 'स्पॉटलाइट'मधील बळी लहान मुले आहेत. त्यांच्या निरपराधित्वाविषयी प्रेक्षकाला क्षणभरही शंका घ्यावी लागत नाही. चिमूरच्या जमावाने चार माणसे मारली, आणि ती सारी हिंदी माणसे होती. सरकारी प्रकाशनांनी याच गोष्टीवर भर दिला, तर राष्ट्रीय इतिहासलेखनाने ती 'क्रांती'च्या प्रकाशात झाकोळून टाकली. एका अपराधाचे उत्तर म्हणून दुसरा अपराध मांडण्याची ही रीत दोन्ही बाजूंना सोयीची होती. त्या दोन्ही हिशेबांत न बसणाऱ्या होत्या त्या स्त्रियाच.

स्वातंत्र्यानंतर चिमूर 'क्रांतिभूमी' झाले. हुतात्म्यांचे स्मारक, १६ ऑगस्टचा शहीद दिन, 'चिमूर क्रांती जिल्हा' व्हावा ही दीर्घकाळची मागणी, तीन दिवसांच्या स्वातंत्र्याची परदेशी नभोवाणीवरून घोषणा झाल्याची गावोगाव सांगितली जाणारी कथा, हा सारा स्मृतिव्यवहार १६ ते १९ ऑगस्ट या दिवसांभोवती फिरतो. १९ ऑगस्टनंतरचे दिवस त्यात एका वाक्यात येतात, आणि ते वाक्यही ठराविक शब्दांचे असते. 'स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले.' 'अनन्वित' या विशेषणाने वर्णनाची जबाबदारी परस्पर उरकली जाते. समकालीन मराठीतील 'अब्रू', 'विटंबना', 'इज्जत' हे शब्द तर अपराध करणाऱ्याऐवजी तो जिच्यावर झाला तिच्याकडे बोट दाखवितात. उलटपक्षी, हे मौन सर्वस्वी बाहेरून लादलेले होते असेही म्हणता येणार नाही. जाऊबाई, सासू, वयात आलेली मुलगी असलेल्या घरात ते वृत्त जाहीर होऊ नये असे वाटणाऱ्या स्त्रियाही असणारच. नागपूरहून आलेल्या स्त्रियांपाशी बंद दाराआड बोलणे वेगळे आणि पत्रात छापून येणे वेगळे. शोधपत्रकारितेचे कथन या भेदाशी सहसा झगडत नाही.

'कमला' नेमके त्याच्याशीच झगडते. अश्विनी सरीन या वार्ताहराने १९८१ मध्ये २३०० रुपयांना एक स्त्री विकत घेऊन स्त्रियांचा बाजार 'इंडियन एक्स्प्रेस'मधून उघडकीस आणला. तेंडुलकरांनी त्या घटनेवरून नाटक रचले आणि जगमोहन मुंदडा यांनी पुढे त्यावर हिंदी चित्रपट केला. नाटकातील जयसिंग जाधव २५० रुपयांना घेतलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभे करतो. पुरावा म्हणून ती निर्विवाद आहे. तिला विचारलेले प्रश्न, पत्रकारांचे हसू, आणि घरी परतल्यावर तिने सरिताला, तुला कितीला घेतले, असे सहजपणे विचारणे, यांतून उघडकीस आणण्याच्या कृतीतला बाजार तेंडुलकर दाखवून देतात. सरिताचे काका, जुन्या वळणाचे पत्रकार असलेले काकासाहेब, जयसिंगच्या पत्रकारितेची खिल्ली उडवितात. जुन्या पत्रकारितेबद्दलचा नाटककाराचा हा ओलावा थोडा भाबडा वाटतो. काकासाहेबांच्या पिढीसमोर चिमूर घडले होते, आणि तेव्हा सचोटी असूनही काय छापता आले नाही याचा हिशेब नाटकात कोठे येत नाही.

चिमूरच्या घटनेला तीस वर्षे होत असताना, मार्च १९७२ मध्ये, त्याच चांदा जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारातच बलात्कार झाल्याची फिर्याद दाखल झाली. या वेळी कागद होता. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिचा विरोध नव्हता, असा त्या निकालाचा रोख होता. हा निकाल विधिविषयक नियतकालिकात छापला गेला आणि उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या विधीच्या चार अध्यापकांनी तो वाचला. १९७९ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांनी एकही नवा साक्षीदार शोधला नव्हता, एकही गुप्त दस्तऐवज मिळविला नव्हता. सर्वांसमोर असलेली संहिता त्यांनी ओळीओळीने वाचली, आणि शरण जाणे म्हणजे संमती नव्हे हा भेद ती कोठे पुसून टाकते ते दाखविले. देशभर निदर्शने झाली, १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात आणि पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिसांच्या ताब्यातील बलात्काराच्या खटल्यात, संबंध आला हे सिद्ध झाल्यावर, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असे ठरले.

चार अध्यापकांच्या हाती छापील निकाल होता, त्यात त्या मुलीची जबानी उद्धृत होती, आणि ती नाकारण्यासाठी का होईना न्यायमूर्तींना तिचा विचार करावा लागला होता. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये चिमूरच्या घरांत जे सांगितले गेले ते कोणत्याही न्यायासनासमोर आले नाही. नाकारले गेले ते एका निवेदनात, आणि मागे घेतले गेले तेही दुसऱ्या एका निवेदनातच.